सागावरची जोडी

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी मनात धरून ठेवणाऱ्यांपैकी आहे.

जळगावच्या प्रेमराज नानांनी मला वीस वर्षं गळ्यात वागवलं. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. काचा पुसायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा, पाऊस आला की मी त्यांच्या शर्टाच्या आत, अशी पोटच्या पोरीसारखी मला जपली. गुडघे गेले तेव्हा त्यांनी मला पक्षी बघणाऱ्या मंडळींना देऊन टाकलं, आणि त्यांचे म्होरके हितेंद्रभाऊ माझे धनी झाले. तिथून माझे हाल सुरू झाले. कधी जीपमध्ये उन्हात, कधी भरीत-भाकरीच्या डब्याखाली. तेही मी सोसलं.

पण गेल्या माघातली गोष्ट मी सोसली नाही. मंडळी रानपिंगळा शोधायला सातपुड्यात पाल गावाकडे निघाली होती. रानपिंगळा म्हणजे वीतभर घुबड. दिवसाढवळ्या फिरतं, पण दिसेल तर शपथ. बरोबर असोद्याची हेमांगी होती, पाचोऱ्याला सरकारी दवाखान्यात नर्स. या पक्ष्यापायी तिचे सात रविवार फुकट गेले होते, आणि हा शेवटचा होता, कारण पुढच्या आठवड्यात ती बदली होऊन लातूरला जाणार होती.

सावद्याला चहासाठी जीप थांबली. भाऊंनी मला बॉनेटवर ठेवलं. हातवारे करत गप्पा चालल्या होत्या, त्यात त्यांचं कोपर लागलं आणि मी दगडावर आपटले. माझ्या पोटातलं काहीतरी जागचं हललं. भाऊंनी इकडेतिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मग या भल्या गृहस्थाने काय करावं? मला उचलून गुपचूप हेमांगीच्या पिशवीत सारलं.

पालला उतरल्यावर माझी शोधाशोध झाली. पिशवीतून मी निघाले आणि चेपलेली कड सगळ्यांना दिसली. कुठे आपटलीस, असं भाऊंनी तिला चारचौघांत विचारलं. ती नाही नाही म्हणत राहिली, पण ऐकतो कोण? आज दुर्बिणीला हात लावायचा नाही, असं त्यांनी तिला बजावलं. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना तळपाय ना मस्तक. थांब बेट्या, एवढंच मी मनाशी म्हटलं.

वाट दाखवायला वनमजूर हिलाल आबा होते. तासाभराने ते थबकले आणि लांबच्या निष्पर्ण सागाकडे त्यांनी बोट केलं. नुसत्या डोळ्यांना तो ठिपका होता. भाऊंनी मला डोळ्यांना लावलं आणि हरखलेच. एक नाही, दोन होते! जोडी म्हणजे घरटं, आणि घरटं म्हणजे पेपरात फोटो. अहो, पडल्यापासून माझ्या दोन नळ्यांची तोंडं दोन दिशांना झाली होती, मी एकाचे दोन दाखवत होते; सागही दोन झालेत, हे हरखलेल्या भाऊंच्या ध्यानात कुठून येणार! हे मला सांगता येत नव्हतं. येत असतं तरी सांगितलं नसतं. भाऊंनी उभ्याउभ्या एका पत्रकाराला फोन लावून जोडीची बातमी देऊनही टाकली.

"भाऊ, तठे एकच शे," हिलाल आबा हळूच म्हणाले.

एकच कसा असेल, म्हणत भाऊंनी त्यांना वेड्यात काढलं. आबांनी मला घेतलं, सागाकडे पाहिलं, मग वळून भाऊंकडे पाहिलं.

"भाऊ, तुम्ही बी दोन दिसी ऱ्हायनात."

मंडळी खो खो हसली. काय गार वाटलं म्हणून सांगू! भाऊ लालबुंद झाले आणि ओरडले, "बॉनेटवरून एवढीशी पडली, तेवढ्याने असं होतं का?"

हसू थांबलं. बॉनेटवरून? सगळे आधी हेमांगीकडे बघायला लागले, मग भाऊंकडे. भाऊंना मान वर करवेना. उभ्या आयुष्यात इतकं सुंदर दृश्य मी पाहिलं नव्हतं.

कुणीतरी ओशाळून मला हेमांगीच्या हातात दिलं. तिने घाईघाईने मला सागावर रोखलं. पण त्या आरड्याओरड्यात रानपिंगळा केव्हाच उडून गेला होता. मी तिला दोन फांद्या दाखवल्या, दोन्ही रिकाम्या. तिने बराच वेळ मला खाली घेतलं नाही.

मित्रांनो, भाऊंचं जे झालं त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण हातून वस्तू पडली, तर पडली म्हणून तिथल्या तिथे सांगा. आम्ही सूड उगवायला लागलो की तो कुणाकुणाला भोगावा लागतो, ते आमच्या हातात नसतं.