अर्धे कळलेले रडणे

मित्रांनो, भोंगा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे वायर, बॅटरी आणि बटण येत असेल. माझ्यात यातले काहीच नाही. मी जुन्या पत्र्याचा कर्णा आहे. एका टोकाला माणसाचे ओठ मावतील एवढे भोक, दुसऱ्या टोकाला टोपलीएवढे तोंड आणि धरायला एक कडी. माझ्यातून हाक मारली की ती दोन शेतांपलीकडे जाते. माझे काम एवढेच.

मला वडवणीच्या बाजारात चाँदभाईंनी घडवले. ते पत्र्याचे डबे आणि चाळण्या करत. त्यांनी तेलाचे दोन रिकामे डबे कापले, पत्रा ठोकून वळवला आणि सांधे झाळले. काम झाल्यावर मला तोंडाला लावून त्यांनी घराकडे हाक दिली, "रुकसाना, चाय भेज गे." दोन गल्ल्यांपलीकडून त्यांच्या लेकीने चहा आणला. माझी परीक्षा तिथेच झाली.

ते १९७२ साल होते. सलग दोन वर्षे पाऊस नव्हता. वडवणीपासून चार कोसांवरच्या एका गावच्या सोसायटीने मला विकत घेतले. सोसायटीची एक बैलगाडी होती आणि तिच्यावर पाण्याची लोखंडी टाकी. गाडी आधी गावात थांबे, मग तांड्यावर जाई. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. गाडी आली की हाक मारायचे काम सोसायटीचा शिपाई धोंडीराम याच्याकडे होते. मीही त्याच्याकडेच आलो. त्याच्या घरी खुंटीवर राहिलो.

पहिल्या आठवड्यातच घोटाळा झाला. धोंडीरामने तांड्याच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि माझ्यातून मराठीत बजावले, की आज गाडी पुढच्या वस्तीला जायची आहे, लवकर या. तांड्यातले गडी आणि तरण्या बाया कामाला बाहेर गेल्या होत्या. घरी होत्या म्हाताऱ्या आणि पोरे. त्यांना आवाज ऐकू आला, अर्थ कळला नाही. रोजच्यासारखी गाडी थांबेल असे समजून त्या सावकाश निघाल्या. गाडी गेली होती. वीस-पंचवीस हंडे रिकामे परत गेले.

धोंडीरामची बायको सरूबाई पाझर तलावाच्या कामावर टोपल्या वाहत असे. तिच्या टोळीत निम्म्या बाया तांड्यातल्या होत्या. संध्याकाळी तिने त्याला विचारले, "अवो, तुमी त्यांच्या बोलीत कावून न्हाई वरडत?"

"मला येती का त्यांची गोरमाटी?"

"मला तरी कुठं येत व्हती? चार महिने झाले टोपल्या उचलाया. आली की."

"तुझी जीभ लई हलकी हाय."

"आन तुमची भाकरी खायाला तेवढी हलकी हाय व्हय?"

तिने त्याला शिकवायला घेतले. नियम एकच. रोज एक शब्द. दुसरा मागितला तरी द्यायची नाही. भाकरीला तांड्यात बाटी म्हणतात. तो भाकरी म्हणाला तर ती तव्याकडेच बघत बसे. बाटी म्हणाला की ताटात भाकरी पडे. शिकलेला शब्द तो माझ्यात हळूच बोलून बघे. माझ्यातून त्याचा त्यालाच तो मोठा ऐकू येई आणि चुकलेला असला तर कळे.

पंधरा दिवसांनी त्याने तांड्यावर हाक दिली, "पाणी आगो, आवो!" पाणी आले, या. पोरे हसून लोळली. तलावाच्या कामावर अधूनमधून बायांची पोरे सांभाळायला जाणारी गोमली नावाची एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "तू वरडला तर आमच्या बकऱ्या बी हसल्या. पर हंडे आले बघ सगळे." त्या दिवशी एकही हंडा रिकामा गेला नाही.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. चाळिशीतल्या माणसाची जीभ लवकर वळत नाही. काल आलेला शब्द आज निघून जाई. तांड्यातले लोक भरभर बोलत आणि धोंडीराम मध्येच उभा राहून मान हलवी. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव त्याला टोमणा मारत, "अबे धोंडीराम, तुला पगार सोसायटी देती का तांडा?" तीन-चार वेळा त्याने शिकणे सोडले.  दर वेळी सरूबाईने भाकरी वाढायची थांबवली आणि तो पुन्हा शब्दाकडे वळला.

फाल्गुनात एका सकाळी सरूबाई चुलीपुढे बसली होती ती आडवी झाली. उठलीच नाही. तवा चुलीवर तसाच राहिला.

आमच्या बौद्ध वस्तीतले सगळे आले. दुपारी तांड्यातल्या बायाही आल्या. पुढे गोमली होती. त्यांनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले, पदर तोंडावर ओढले आणि रडू लागल्या. त्यांचे रडणे नुसते रडणे नव्हते. त्यात बोलणे होते. चालीवर एकेक ओळ बोलून त्या मेलेल्या बाईशी बोलत होत्या. धोंडीराम भिंतीला टेकून ऐकत होता. त्याला काही शब्द कळले. ऊन. दगड. टोपली. आणि मग गोमली दोनदा, तीनदा म्हणाली, 'तुझा माणूस'. त्यापुढचे त्याला कळले नाही. 'तुझा माणूस' म्हटले की बाकीच्या बाया जास्तच रडत होत्या.

त्या गेल्यावर धोंडीराम खुंटीखाली बसून राहिला. सरूबाईला त्या आपल्याविषयी काय सांगत होत्या, हे एकच त्याच्या डोक्यात राहिले.

आठ दिवसांनी तो मला खांद्याला अडकवून तांड्यावर गेला. पाणी वाटून झाले. मग तो गोमलीच्या दारात गेला आणि सरळ म्हणाला, "याडी, त्या दिवशी रडली ते पुन्यांदा म्हन. मला अर्धं कळलं." याडी म्हणजे आई.

 दारातल्या एका बाईने आतले दार ओढून घेतले. गोमलीची सून नुकतीच बाळंत झाली होती आणि हा माणूस त्या घराच्या दारात मयताचे रडणे मागत होता.

"येडा हायस का बे?" गोमली म्हणाली. "रडणं काय हंड्यातलं पाणी हाय, मागितलं की ओतलं? ते मयताला येतं, न्हाई तर वर्साला. मधी काढलं की घरात मरण येतं. आमच्या तांड्यात तसंच हाय."

धोंडीरामने हात जोडले. "चुकलं. मग रडू नको. नुसतं बोलून सांग."

"बोलून तर मुळीच न्हाई."

"कावून?"

ती काठी उचलून आत वळली. "वर्साला येऊ आमी. तवा जेवढं कळंल तेवढं तुझं."

मित्रांनो, धोंडीरामच्या हातात एक वर्ष होते. पुन्हा रोज एक शब्द सुरू झाला. आता शब्द द्यायला घरात कोणी नव्हते, म्हणून तो तांड्यातून आणावा लागे. तो बाजारच्या दिवशी तांड्यातल्या माणसांबरोबर चालत वडवणीला जाई. दोन बाया भांडत असतील तर बैल सोडून तिथे उभा राही, कारण भांडणातले शब्द स्पष्ट आणि पुन्हा पुन्हा येतात. एकदा त्या दोघी भांडण थांबवून त्याच्यावरच तुटून पडल्या. तो घरी येऊन मला म्हणाला, "आज येकदम सात शब्द मिळाले." सरूबाई गेल्यानंतर तो पहिल्यांदा हसला.

मग जूनमध्ये चांगला पाऊस झाला. आडांना पाणी आले आणि सोसायटीने गाडी बंद केली. सुंदरराव म्हणाले, "आता त्या डबड्याचं काय काम? ठिव घरीच." मी खुंटीवर गेलो. धोंडीरामला तांड्यावर जायचे कारण उरले नाही. त्याने पेरणी केली, खुरपणी केली. संध्याकाळी दार लावून बसू लागला. माझ्या आत कोळ्याने जाळे विणले. त्या तीन-चार आठवड्यांत त्याने नवा शब्द घेतला नाही आणि जुनेही म्हटले नाहीत. एकदा आपल्याशीच म्हणाला, "कळून तरी काय, ती परत येनार हाय?"

एका सकाळी गोमली बाजारला जाताना त्याच्या दारात थांबली. तिने गोरमाटीत एक लांबलचक वाक्य म्हटले आणि चालू लागली.

तो मागे धावला. "याडी, काय म्हनली?"

"कळलं न्हाई ना? मग वर्साला काय करशील?"

"सांग तरी."

"म्हनलं, तुझी शेळी तुझ्या सुपातली ज्वारी खाती हाय. आता खाऊन झाली असंल."

झाली होती. सूप पालथे पडले होते. धोंडीरामने ते उचलले, मला खुंटीवरून काढले आणि आतले जाळे झटकले. त्या दिवसापासून गोमली जाता-येता दारात एक वाक्य टाकून जाई. अर्थ सांगत नसे. तो शोधत बसे. कधी दोन दिवस लागत. पोळ्यापर्यंत ती शेळीचे काही सांगताच तो मागे वळून शेळी बांधू लागला. दिवाळीनंतर तो तिला उत्तर देऊ लागला. तिची हसून हसून पुरेवाट होई, पण ती त्याच्या चुका दुरुस्त करी.

फाल्गुन आला. वर्षाच्या दिवशी वस्तीत वंदना झाली, खीर वाटली. सुंदररावही आले होते. दुपारी तांड्यातल्या पाच बाया आल्या. गळ्यात हात पडले, पदर खाली आले, गोमलीने सुरुवात केली.

या वेळी धोंडीरामला सगळे कळले. मी खुंटीवरून त्याचा चेहरा बघत होतो. ती म्हणत होती ते असे होते.

सरू, माझ्या बाई, तळ्यावर तुझ्या छातीत कळ आली. तू बांधावर बसलीस, तुझे तोंड पांढरे पडले. एकदा आली, दोनदा आली, तिसऱ्यांदा आली. तुझ्या माणसाला सांगते म्हणाले, तर तू माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतलास. म्हणालीस, माझा माणूस मला कामावर येऊ देणार नाही, मग चूल कशी पेटेल. मी गप्प बसले, बाई. तुझ्या शपथेने माझी जीभ बांधली. तुझ्या माणसाला तोंडाने सांगता येत नाही. रडताना तेवढी जीभ सुटते.

सुंदररावांनी हळूच विचारले, "काय म्हनत्यात रे?"

धोंडीराम म्हणाला, "त्यांचं आन सरूचं बोलणं हाय."

रडणे संपले. गोमलीने डोळे पुसले आणि कोणाकडे न बघता उठली. तिला ठाऊक होते, की आज त्याला कळले आहे. काठी शोधायला तिचा हात भिंतीवर फिरत होता. तिला घाई झाली होती. बाकीच्या बाया दाराकडे सरकल्या.

धोंडीराम आत गेला. तांब्या भरून आणला आणि तिच्यापुढे उभा राहिला. तो तिच्या बोलीत म्हणाला, "याडी, बेस. पाणी पी."

आई, बस. पाणी पी.

गोमली खाली बसली. दोन्ही हातांनी तांब्या धरून ती सगळे पाणी प्यायली. मग बाकीच्याही बसल्या.

मित्रांनो, त्यानंतर गावात मोटारीवरचे भोंगे आले आणि मला कोणी तोंड लावले नाही. कडीची एक बाजू सुटली आहे, सांध्यांना गंज आहे. कधी आठवण झाली तर कोरड्या फडक्याने पुसा, तेवढे पुरे. पण तुमच्या शेजारच्या वस्तीत कोणी बोलत असेल आणि तुम्हाला अर्धेच कळत असेल, तर नुसती मान हलवून पुढे जाऊ नका. उरलेले अर्धे शिकून घ्या. कंटाळा येईल, सुटेल, पुन्हा धरा. धोंडीरामला त्यासाठी एक वर्ष मिळाले. सांगणारे माणूस तेवढे थांबले म्हणून मिळाले.