चिंधीच्या खालचा

मी खुंट बोलतोय. गुलाब नाही, खुंट. गुलाब बोलायला लागला असता तर तुम्ही खुर्ची पुढे ओढून बसला असता, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण तो कधी बोलायचा नाही. ज्याचं सगळं आयतं चाललंय, त्याला तोंड उघडायची गरजच काय?

बागेत गुलाब बघायला जाता तेव्हा तुम्ही फूल बघता, फार तर पानं. जमिनीलगत करड्या सालीचं एक खरबरीत बूड असतं, तो मी. मुळं माझी. पाणी ओढायचं मी, खत पचवायचं मी. वर फुलते ती भलतीच कुणीतरी. तिला मी 'वरची' म्हणतो. नाव घ्यायची इच्छा नाही.

मी मूळचा रानगुलाब. एका नर्सरीच्या कडेला आमचं कुंपण होतं. रंगाचा तोरा नव्हता, पण आमच्यातून आत घुसायची कुणाची छाती नव्हती. नर्सरीच्या माळ्याने त्यातली एक काडी तोडून मातीत खोचली. मला वाटलं, चला, आपलाही संसार थाटला. मुळं धरली, पानं आली, बोटाएवढा जाड झालो. मग तोच माळी चाकू घेऊन आला. माझ्या सालीला चीर पाडली, आत परक्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, बसवला आणि वरून पट्टी गुंडाळली. ते लोक याला डोळा भरणं म्हणतात. मी याला भाडेकरू घुसवणं म्हणतो. डोळा फुटला, कोंब वर आला आणि माळ्याने माझा शेंडा उडवला. भाडेकरू माडीवर आणि मालक तळघरात!

ते रोप घेतलं एका शिंप्याने. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, आणि मागच्या दारी, कपडे धुवायच्या दगडाजवळ, चार हात माती. तिथे मला पुरलं.

मास्तरने वरचीचे काय लाड केले म्हणून सांगू! उन्हाळ्यात ती करपू नये म्हणून जुन्या चादरीचं छप्पर. पावसात बुडाशी पाणी साचू नये म्हणून चर. थंडीच्या तोंडावर छाटणी, मग शेणखत. माव्याची कीड पडली तर पान न् पान ओल्या फडक्याने पुसायचा. आणि थंडीत ती लालभडक फुलली की कपडे शिवायला टाकणाऱ्या गिऱ्हाइकांनाही हाताला धरून मागे आणायचा. "बघा, बघा!" लोक बघायचे. वाकायचे, हुंगायचे, फोटो काढायचे. फोटोत मी कधीच यायचो नाही. माझ्या जरा वर सगळं संपायचं.

जिथे तिचा न् माझा सांधा आहे, तिथे मास्तरने निळ्या कापडाची चिंधी बांधली होती. खूण म्हणून. "चिंधीच्या वर फुटेल ते घरचं, खाली फुटेल ते उपरं," असं तो स्वतःशीच पुटपुटायचा आणि मी जरा कुठे कोंब काढला की कात्री लावायचा. उपरा कोण, तर मी! ज्याची मुळं तो!

या घरात आणखी एक जण जळत होतं. मास्तरची बायको. जळणाऱ्याला जळणारा धुरावरून कळतो.

"सकाळी उठून आधी तिचं तोंड बघता," ती धुणं आपटत म्हणायची. "सवतच आणून बसवलीय दारात."

"सवत गप्प असते, एवढा तरी फायदा," मास्तर म्हणायचा.

"मी पाणी घालू का आज?"

"नको. तुझा हात जड आहे."

हे 'हात जड आहे' तिला फार लागायचं. मग पीळ असा घालायची की कपड्याचा जीव जावा.

मग एका पावसाळ्यात मास्तरचा थोरला भाऊ घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. तोही शिंपीच. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर घेऊन बसलेला. मास्तर त्याचं दुकान सांभाळायला गेला तो राहिलाच. फोन मात्र करायचा. बाई दगडावर बसून बोलायची, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"कशी आहे?"

"बरी आहे. गुडघा जरा धरलाय."

"अगं, ती कशी आहे?"

बाईने फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि परत कानाला लावला. "तीही मजेत आहे. तिला गुडघे नाहीत."

फोन ठेवून ती माझ्यासमोर कमरेवर हात देऊन उभी राहिली. "येऊ देत परत. झाड दुप्पट करून दाखवते. मग बघू कुणाचा हात जड आहे ते."

आणि त्या दिवशी तिने ते काम केलं. चिंधी चिखलाने बरबटली होती. शिंप्याच्या घरात मळका कपडा तिला बघवेना. सोडली, साबण लावून धुतली, वाळवली आणि परत बांधली. फक्त खूप खाली बांधली. अगदी मातीला टेकवून.

आता मी चिंधीच्या वर होतो. कायदेशीर!

मी लगेच बगलेतून एक कोंब सोडला. कुणी कापला नाही. उलट बाई म्हणाली, "अगं बाई, काय तरारलाय!" सांगतो, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल बरं बोललं. मग काय विचारता! सगळा रस त्या फांदीत ओतला. वरचीला म्हटलं, बस उपाशी. तिची पानं पिवळी पडली, काड्या वाळल्या. बाईने त्या उडवल्या. "जुनं वाळतं, नवं वाढतं," म्हणाली आणि मला पेंडीचं पाणी घातलं.

थंडी पडायला लागली तसा मास्तर फोनवर म्हणाला, "चिंधीच्या खाली काही फुटलं असेल तर साफ काप."

"खाली काहीसुद्धा नाही हो!"

"शाब्बास!"

त्या एका शाब्बासकीवर बाई दिवसभर गुणगुणत होती. मीही.

थंडी सरली आणि मला कळ्या आल्या. घोसच्या घोस. शेजारची नर्स कुंपणावरून म्हणाली, "काकू, कळ्या लई लागल्यात, पण एवढ्याशा कशा?"

"उमलल्या की मोठ्या होतात," काकू म्हणाल्या.

उमलल्या. पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या, शर्टाच्या बटणाएवढ्या. अख्खी फांदी भरून गेली, मधमाश्यांची ही गर्दी उसळली! मी आयुष्यात पहिल्यांदा फुललो होतो. आणि बाई धुणं टाकून फांद्या चाळायला लागली. "अरे देवा, लाल कुठे गेला?"

माझ्या सगळ्या आनंदावर पाणी. मी फुललो, तरी विचारपूस तिचीच!

त्याच आठवड्यात मास्तर परत आला. पिशवी हातात तशीच ठेवून मागच्या दारी आला. बघितलं. चष्मा सारखा करून वाकून बघितलं.

"चिंधी कुणी हलवली?"

"मळली होती. धुतली."

"धुतली? अगं, खूण होती ती!"

"कपडा होता तो. मला काय स्वप्न पडणार होतं?"

"म्हणून सांगत होतो, हात लावू नकोस! हिचं काही खरं नाही आता. आणि ही गेली तर यापुढे तू इथे पाऊल टाकायचं नाहीस."

बाईने तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

वरचीची एकच काडी हिरवी राहिली होती. सांधा वाळून पोकळ झाला होता, ती तिथे टिकणार नव्हती. मास्तरने ती कापली, तिच्यावरचा धडधाकट डोळा सालीसकट सोलून घेतला आणि माझ्या त्या तरण्या फांदीच्या बुडाला चीर पाडली. पुन्हा तोच प्रकार! पण चिरेची कड त्याला नीट दिसेना. डोळा चिरेत बसेना.

"सरका," बाई नाक पुसत म्हणाली. "सुई ओवायला मीच लागते ना? द्या इकडे." आणि त्या जड म्हणवलेल्या हाताने तिने तो डोळा असा अलगद सरकवला की मला कळलंसुद्धा नाही. पट्टी बांधली. मास्तर शेंडा उडवायला कात्री घेऊन पुढे आला, तशी म्हणाली, "थांबा. शेजारचा हा एक फाटा पांढराच राहू दे. तो मी वाढवलाय."

"एका बुडावर दोघं नांदायची नाहीत."

"आपण नांदतोय की."

आता सगळं माझ्या हातात होतं. रस आवरला असता तर डोळा सुकून गळला असता, वरचीचं नाव कायमचं पुसलं गेलं असतं. मनात तेच होतं. पण बाई रोज सकाळी येऊन पट्टीकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "धर रे बाबा. नाहीतर मला इथे उभं करायचे नाहीत." माझ्या पांढऱ्या फुलांकडे बघतही नव्हती. तरी 'रे बाबा' मलाच म्हणत होती, वरचीला नाही.

दिला रस. वरचीसाठी नाही दिला, सांगून ठेवतो.

डोळा फुगला, फुटला, लालसर कोंब आला. मास्तरने वाकून बघितलं आणि खिशातली कात्री काढून बायकोच्या हातात दिली. "धर. यापुढे तूच बघ." तिने कात्री घेतली, खाली वाकली आणि पहिलं काम काय केलं असेल? मी मातीलगत चोरून काढलेला नवा कोंब कचकन उडवला. "तुला एक फाटा दिलाय ना?" म्हणाली. "तेवढ्यावर भागव."

भागवतोय. वरची पुन्हा माडीवर आहे, परवा तिला पहिली कळी आली, फोटोही झाले. मी अजून जळतोच आहे, आणि ते काही या जन्मात विझायचं नाही. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की फूल हुंगायला वाकता तेव्हा आणखी हातभर वाका आणि विचारा, "काय रे, बरा आहेस ना?" तेवढं जमत नसेल तर निदान पाणी बुंध्याशी घाला. पानांवर काय शिंपडता? ती पीत नाही. मीच पितो.