सगळ्यांनी पूल दाखवला

तुमचा शर्ट ज्या दांड्यावर लटकतोय ना, तो दांडा नाही. मी गळाची काठी बोलतेय. शर्ट घ्या, पण जरा ऐकून जा.

मी जन्मले कारखान्यात, शेकडो बहिणींबरोबर. तिथून दुकानात आले आणि दुकानातून या शिंप्याच्या हातात. माझी दोरी ओवायची एक कडी निखळली, तेव्हा त्याने ती बटणाच्या दोऱ्याने अशी बांधली की अजून हललेली नाही. त्याची लेक तेव्हा शाळेत होती. रविवारी सकाळी आम्ही तिघं निघायचो. बाजारामागची वाट, मग चिखल, मग काळा खडक. एरवी बापलेकीचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" आणि "हो." खडकावर मात्र दोघं पोटभर बोलायची. मासा नाही लागला तरी.

आपली जागा कुणाला सांगायची नाही, हा गळवाल्यांचा नियम. कुणी विचारलं, "कुठे लागला?" की उत्तर ठरलेलं, "पुलाखाली." तिथे जुन्या चपलांशिवाय काही लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तरी सगळे गंभीरपणे माना डोलावतात.

बसचा कंडक्टर तर मुद्दाम दुकानात डोकावायचा. "काय शिंपीबुवा, माशाचं माप घेताना टेप सैल धरता म्हणे!"

"आणि तुम्ही? एका माशाची दोन तिकिटं फाडता!"

मग बातमी आली, मासे वाढावेत म्हणून किनारा मासेमारीला बंद होणार. मासे वाढायला हवेत, हे मलाही पटतं. पण सगळं खरवडून नेणाऱ्या बोटींना आणि एक गळ टाकून तासन्‌तास बसणाऱ्या माणसाला एकच कुलूप? लेक आता कॉलेजात होती. ती पेटून उठली. घरोघरी फिरून तिने सगळ्या गळवाल्यांना सरकारी सुनावणीला आणलं. आम्हा काठ्यांनाही नेलं, झेंड्यांसारखं उंच धरून.

सभागृहात ती हेच बोलली. साहेबही ऐकून घेणारे निघाले. भिंतीवरच्या नकाशाकडे हात करून म्हणाले, "बरं, गळासाठी एक पट्टा मोकळा ठेवू. तुम्ही नेमके बसता कुठे? टाचण्या लावून दाखवा."

कंडक्टर उठला. त्याने पुलावर टाचणी लावली. मागून दुसरा आला. पूल. तिसरा. पूल. मग आमचा शिंपी उठला. लेक आशेने बघत होती. त्याचं बोट काळ्या खडकापाशी पोचलं, थांबलं. त्याने मागे वळून कंडक्टरकडे पाहिलं. बोट सरकलं. पूल.

"बाबा!"

"अगं, एवढ्या लोकांसमोर कसं सांगायचं?" तो पुटपुटला.

तीच उभी राहिली. "साहेब, काळा खडक मोकळा ठेवा. आम्ही तिथे बसतो."

"तिथे एकही टाचणी नाही, ताई. सगळ्यांचं एकमत आहे. पूल मोकळा, बाकी किनारा बंद."

बंदी लागण्याआधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही खडकावर गेलो. तिथे आधीच कुणीतरी गळ टाकून बसलं होतं. कंडक्टर. त्याचा डबा आमच्याच कपारीत ठेवलेला.

शिंप्याने मला खडकाला टेकवलं.

"पूल जरा लांब पडतो हो," कंडक्टर म्हणाला.

"पडतो खरा," शिंपी म्हणाला. "तुम्ही कधीपासून?"

"ड्युटी सुटली की येतो. पहिल्यापासून. आज रजा काढली."

लेक पाण्याकडे बघत होती. "दोन टाचण्या, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही एक लावली असती, काकांनी एक." त्यानंतर ती खडकावर काहीच बोलली नाही.

आता खडकापाशी बंदीचा फलक उभा आहे आणि पुलाखाली फक्त चपला. मी इथे शर्ट सांभाळते. रविवारीही दुकान उघडं असतं. लेक डबा घेऊन येते.

"जेवलीस?"

"हो."

ती अजून अर्ज करते, साहेबांना पुन्हा भेटते. कधीतरी पुन्हा सुनावणी होईल. तुम्हीही गळवाले असाल, तर त्या दिवशी शेजाऱ्याकडे बघू नका. खरी जागा दाखवा. माझ्यासारख्या काठ्या पाण्यावरच बऱ्या.

शर्ट जपून काढा. तिथे ती कडी आहे, बटणाच्या दोऱ्याने बांधलेली.