चाळीस वर्षं थांबलेला अहवाल

रुग्णालयाच्या कॉम्प्युटर रूममध्ये प्रोग्रामर मी एकटीच, त्यामुळे बोलणीही एकटीलाच. दोन नर्सनी एकाच पेशंटचं कार्ड एकाच वेळी उघडलं, की नंतर सेव्ह करणारीचं लिखाण राहायचं आणि पहिलीचं गायब. सोमवारी अशीच एका आजोबांच्या औषधाच्या ॲलर्जीची नोंद उडाली. नर्सला ती तोंडपाठ होती म्हणून निभावलं.

मग मी अक्कल पाजळली. एकीनं कार्ड उघडलं की बाकीच्यांना कुलूप! मंगळवारी एक नर्स कार्ड तसंच उघडं टाकून चहाला गेली आणि अख्खा वॉर्ड ताटकळत बसला.

मेट्रन थेट माझ्या टेबलापाशी आल्या. "शुक्रवारी चारपर्यंत नीट झालं नाही, तर आम्ही परत वह्यांवर. तुझा प्रोग्राम तुलाच लखलाभ."

दोन वर्षं घासलेला प्रोग्राम! रागानं कान तापले, पण चूक माझीच होती.

आत्या इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल. गुरुवारी दुपारी तिच्याकडे रडगाणं गायला गेले, तर ती जुने अहवाल रद्दीत काढत बसलेली. "तोंडाबरोबर हातही चालव," म्हणत तिनं एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

तिसराच अहवाल हातात आला आणि मी थबकले. 'एका नोंदीवर दोघांचे काम.' चाळीस वर्षांपूर्वीचा, टाइप केलेला, याच कॉलेजातल्या एका बाईंचा. उभ्याउभ्याच वाचत सुटले. बाईंचं म्हणणं साधं होतं: काही पुसूच नका. बुद्धिबळात खेळी लिहून ठेवतात आणि त्यावरून पट केव्हाही मांडता येतो. तसं कोणी काय लिहिलं ते एकाखाली एक ठेवत जा, नोंद त्यावरून तयार करा.

दोन वर्षं मी पट जपत बसले होते, जपायच्या होत्या खेळी! शेवटच्या पानावर समितीचा शेरा होता: 'एवढी जागा कोणत्याही यंत्रात नाही. नामंजूर.' त्याखाली शाईनं, बाईंच्या अक्षरात: 'होईल.'

"आत्या! अगं, या बाईंनी माझा सोमवार चाळीस वर्षं आधी लिहून ठेवलाय!"

"ओरडू नकोस, वाचनालय आहे," आत्या म्हणाली आणि स्वतःच खो-खो हसली. "रिटायर झाल्या त्या. नंबर आहे माझ्याकडे."

आधी काम. शुक्रवारी साडेतीनपर्यंत मी मान वर केली नाही. मग दोन नर्सना शेजारीशेजारी बसवलं, एकच कार्ड दिलं आणि म्हटलं, "लिहा दोघी एकदमच." सेव्ह. मेट्रननी चष्मा लावून स्क्रीन वाचला, पुन्हा वाचला. दोन्ही नोंदी, एकाखाली एक, नावांसकट.

"राहू दे तुझा प्रोग्राम," त्या म्हणाल्या. मी खुर्चीवरून उडीच मारली.

मग आत्याकडून नंबर घेऊन बाईंना फोन लावला आणि धाप लागेपर्यंत बोलत सुटले.

"म्हणजे चालतंय?" बाईंनी हळूच विचारलं.

"चालतंय, बाई! आत्ता, माझ्यासमोर!"

"पत्ता सांग," त्या म्हणाल्या. "मी रिक्षा करून येते. मी ते चालताना कधी बघितलंच नाहीये गं."