ताटावर आडवा धरलेला हात

साहेब, तुम्ही खोटं बोललात. एकदा नाही, तीनदा बोललात. तुमच्या तहसील कचेरीतल्या फोनवरून तीन वेळा सांगण्यात आलं, "बोट निघालेली आहे." त्या तीन शब्दांवर विसंबून एक परका माणूस सकाळपासून दुपारपर्यंत तडफडत पडून राहिला. आज मी तुमच्याच कचेरीच्या मागच्या आवारात पडले आहे. माझ्या काठाला तुम्ही पिवळी चिठ्ठी डकवलीत, 'जप्त'. आणि इथं आणून टाकल्यावर माझ्या शेजारी मी जे पाहिलं, त्यानं माझ्या लोखंडाला कापरं भरलं. ते शेवटी सांगते. आधी ही गोष्ट ऐकणाऱ्या पोरांना सगळं कळू दे.

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे गूळ शिजवायची कढई; पण घरातली कढई डोळ्यांपुढं आणू नका. माझ्यात सात-आठ माणसं मांडी घालून बसतील एवढा माझा घेर आहे. कागलच्या एका लोहारानं पत्र्याला पत्रा जोडून, रिबिटं ठोकून मला घडवलं आणि धरून उचलायला काठाला चार कडी बसवली. तिथून बैलगाडीतून मी धोंडुबाईच्या गुऱ्हाळावर आले. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आणखी एक नोटीस जाईल.

एकतीस हंगाम मी चुलाणावर काढले. खाली जाळ, वर उकळता रस. जोतीराम गुळव्या माझ्या काठाशी उभा राहून नुसत्या वासावर सांगायचा, आता उतरवा. एकदा त्याचा डोळा लागला, रस करपला आणि माझा तळ जळाला. तिथं ठिगळ बसलं. त्यानंतर जोतीराम हंगामात कधी बसला नाही, उभाच राहिला. लांबलांबची माणसं गूळ चाखायची आणि मान डोलवायची. मी मनात फुगायचे. या जगात आपल्या पोटातून फक्त गोडवा बाहेर पडतो, असं मला वाटायचं. गोडानं कुणाचं वाईट होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढं ऊस कारखान्याला जाऊ लागला. गुऱ्हाळ थंडावलं. मला तेल पुसून पालथी घातली. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मग दोन वर्षांमागच्या श्रावणात पूर आला.

आमचं गुऱ्हाळ हमरस्त्याला लागून, उंचवट्यावर आहे. पुढं ओढा फुगला, मागं नदी चढली आणि मधल्या तुकड्यावर साठ-सत्तर ट्रक अडकले. कुणी राजस्थानचा, कुणी केरळचा. पहिल्या दिवशी ते आपापल्या केबिनमध्ये बसून पाण्याकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळचा शिधा संपला.

धोंडुबाई माझ्यापाशी आली, कोंबड्या हाकलल्या आणि मला लाथ मारून म्हणाली, "ऊठ गं बये. दाराशी पावणं आल्यात."

मला घासलं, उताणी केली. जोतीरामनं चुलाण पेटवलं. घरटी तांदूळ आला, डाळ आली, दूध आलं. गावात ज्यांच्या घरात गुडघाभर पाणी होतं त्यांनीही डोक्यावरून पीठ आणलं. साठ-सत्तर गाड्यांची माणसं माझ्याभोवती जेवू लागली. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. मी थक्क झाले होते. मला वाटलं, माझी इतक्या वर्षांची पुण्याई फळाला आली.

त्या माणसांत एक मुरुगेसन होता. कोइमतूरहून पुण्याला पंपांची खोकी घेऊन निघालेला. वय पंचेचाळीसच्या पुढं, अंग वाळलेलं, कपाळावर भस्माचे पट्टे, कायम हसरा. भाषा त्याची त्याला आणि आमची आम्हाला. तरी पहिल्याच पंगतीत त्यानं धोंडुबाईला 'अम्मा' म्हटलं आणि म्हातारी विरघळली.

आता आमच्याकडची एक खोड ऐका. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला की वाढणाऱ्याला आणखी जोर चढतो. हात आडवा धरणं ही लाज समजतात. त्या हाताच्या फटीतून वाढायचं, नाहीतर हात उचलून वाढायचं, हीच आमची माया. मुरुगेसन रोज हात आडवा धरायचा.

"पोदुम, अम्मा, पोदुम."

पुरे म्हणतोय, हे दगडालाही कळलं असतं. धोंडुबाईलाही कळत होतंच.

"बघा की! मला आई म्हणतोय आणि अर्धपोटी उठतोय. घ्या पावणं, लाजाय काय झालं? तुमच्या गावाकडं अशी खीर मिळंल व्हय?"

"वैनी, वाढा की दोन पळ्या," जोतीराम पेटवायचा. "लुकडं हाय गडी. परत गेल्यावर बायको वळखाय नगं असा जाड करून धाडूया."

सगळे हसायचे. मुरुगेसनही हसायचा आणि खायचा. सकाळी गूळ-पाणी, दुपारी गूळ-भाकरी. पाचव्या दिवशी नागपंचमी आली. घरापासून लांब असलेल्यांना सण चुकू नये म्हणून माझ्यात खपली गव्हाची खीर शिजली, गूळ सढळ हातानं पडला. त्यानं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. धोंडुबाईनं ते हसत हसत बाजूला सारले आणि वाटी भरली. मग पुन्हा भरली.

ते मी पाहिलं. माझ्याच पोटातली खीर होती ती.

सहाव्या दिवशी सकाळी तो केबिनमधून उतरताना कोसळला. ओकला. मोठमोठे श्वास घेऊ लागला, जणू डोंगर चढून आलाय. माणसं धावली. धोंडुबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"उपाशीपोटी पित्त झालं असंल. जोतीराम, गूळ-पाणी आण. दाट कर."

तांब्या आला. अर्धा तांब्या त्याच्या घशाखाली गेला. तेवढ्यात प्रियदर्शनी आली. ती धोंडुबाईची सून, गारगोटीच्या एका दवाखान्यात नर्स. रस्ते बंद म्हणून घरीच अडकलेली. इतके दिवस गावातल्या म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना बघत फिरत होती. ती वाकली, त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि ताठ झाली. पिकून उतरलेल्या फळासारखा वास होता तो.

"तांब्यात काय हाय?"

"गूळ-पाणी. दुसरं काय असणार?"

तिनं तांब्या असा भिरकावला की तो येऊन माझ्या काठावर आदळला. मग मुरुगेसनचा खिसा चाचपला. आत एक सुई आणि काचेची रिकामी बाटली.

"आत्ती, ह्यांना शुगर हाय! इंजेक्शन संपलंय ह्यांचं. कवा संपलंय देव जाणे. आणि आपण पाच दिस ह्यांच्यात गूळ कोंबतोय!"

जोतीरामच्या हातातली पळी खाली पडली. तिचा आवाज अजून माझ्या पत्र्यात आहे.

"मी मायेनं वाढलं गं," धोंडुबाई म्हणाली.

"माया म्हणं! हात आडवा धरला हुता का न्हाय त्यांनी?"

म्हातारीनं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

मला तर वाटलं आपण आता तडकणार. एकतीस वर्षं ज्या गोडाचा तोरा मिरवला, तो याच्या अंगात विष होऊन फिरत होता. त्यानं सांगितलं का नाही? ते नंतर कळलं. आजार आहे हे मालकाला समजलं तर गाडीवरून उतरवतील, या भीतीनं त्यानं वर्षानुवर्षं लपवलं होतं. आणि अम्मा म्हटलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, हेही त्याला येत नव्हतं.

सकाळी आठला जोतीरामनं तुमच्या कचेरीला फोन लावला, साहेब. "माणूस मरतोय. पलीकडं कागलचा दवाखाना दिसतोय, मधी अर्धा मैल पाणी हाय. बोट धाडा."

"बोट निघालेली आहे. धीर धरा."

धीर धरला. दहाला पुन्हा लावला. "बोट निघालेली आहे." पोरं झाडावर चढून बघत होती. पाण्यावर नुसत्या म्हशींच्या कडब्याच्या पेंढ्या वाहत होत्या. बाराला तिसऱ्यांदा लावला.

"निघालीय म्हणून सांगितलं ना? सारखा फोन करू नका, लाइन अडते."

मुरुगेसनचे डोळे आता उघडत नव्हते. धोंडुबाईनं फोन जोतीरामच्या कानावरून काढून घेतला, बंद केला.

"काहील पाण्यात घाल."

"वैनी, तिला ठिगळ हाय. मधीच फुटली तर?"

"ठिगळ मलाबी दिसतंय. ह्याचा श्वास दिसतोय का तुला?"

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ते परके ड्रायव्हर, ज्यांना आमची भाषा येत नव्हती, त्यांनी जादा चाकांच्या ट्यूबा काढल्या. ट्रकच्याच हवेच्या नळीनं फुगवल्या. माझ्या चार कड्यांना चार ट्यूबा बांधल्या. कुणी ताडपत्रीचे दोर दिले. मुरुगेसनला घोंगड्यावर घालून माझ्यात ठेवलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन प्रियदर्शनी बसली. जोतीराम आणि दोन ड्रायव्हर कडी धरून पाण्यात उतरले.

मी जाळावर बसणारी बाई. पाण्यावर कधी गेले नव्हते. ओढ मला गरागरा फिरवत होती. निम्म्यात आलो आणि माझ्या ठिगळाचं एक रिबिट निसटलं. बोटाएवढी धार आत उसळली. प्रियदर्शनी एका हातानं त्याचं डोकं धरून दुसऱ्या हातानं पाणी उपसू लागली. तांब्या तोच होता, सकाळचा.

"काका, पाणी वाढतंय!"

"ओढतोय न्हवं? तू त्याचं तोंड वर धर!"

पाणी मुरुगेसनच्या बोटांना लागलं. शुद्ध नसलेल्या त्या माणसाचा हात हलला, चाचपत धारेपाशी गेला आणि तिच्यावर पालथा पडला. तसाच. ताटावर आडवा धरायचा तसा. धार थांबली नाही, पण निम्मी झाली. तेवढ्यानं आम्ही पोचलो. पाच दिवस त्याच्या ज्या हाताला आम्ही किंमत दिली नाही, त्या हातानं प्रियदर्शनीला आणि मला बुडू दिलं नाही.

तो वाचला, मित्रांनो. दवाखान्यातल्या यंत्राला त्याच्या रक्तातल्या साखरेचा आकडासुद्धा मोजता आला नाही, असं प्रियदर्शनीनं नंतर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर आणायचे कष्ट वाया गेले असते. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, अम्मा जेवली का? अम्मानं दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नव्हतं.

आमचं पाण्यावरचं चित्र कुणीतरी फोनमध्ये घेतलं होतं. ते गावोगाव फिरलं. लोक विचारू लागले, बोट कुठं होती? पूर ओसरला, रस्ता मोकळा झाला, मला परत गुऱ्हाळावर आणलं आणि मगच तुमची माणसं आमच्याकडं पोचली, साहेब. ट्रॅक्टर घेऊन. कागदावर लिहिलं होतं, 'विनापरवाना साधनातून धोकादायक रीतीने प्रवासी वाहतूक'. पंचनामा मांडला. माझी लांबी मोजली, रुंदी मोजली, कडी मोजली.

धोंडुबाई ट्रॅक्टरला आडवी उभी राहिली. "माझ्या काहिलीचा पंचनामा करताय, करा. तुमच्या बोटीचा कुणी करायचा?"

"मावशी, आम्ही हुकमाचे ताबेदार."

"मग हुकूम देणाऱ्याला धाडा की हिकडं! मी गूळ-पाणी देती. आधी इचारून देती."

त्या दिवसापासून ती खरंच विचारूनच देते, असं इथं माझ्या कानावर येतं. कुणी ताटावर हात आडवा धरला की तिची पळी हवेत थांबते. मित्रांनो, तुम्हीही तेवढं करा. परका माणूस दाराशी आला तर पोटभर माया करा, पण त्याच्या हाताकडं बघा, तोंडाकडं बघा. तो नको म्हणाला तर ते लाजणं नसेल. आणि तुमच्या गावातली जुनी भांडी पालथी घालून विसरू नका. कधी काय लागेल सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात मुरुगेसन आला होता. गाडीवरून उतरवलं त्याला; एस.टी.नं आला, धोंडुबाईला घेऊन थेट या आवारात. शिपायानं अर्ध्या मिनिटासाठी सोडलं. त्यानं माझ्या ठिगळावर तळवा ठेवला. तिथं आता पावसाचं पाणी साचून गंज धरलाय, डास झालेत. माझ्या सुटकेचा अर्ज त्यानं तमिळमध्ये सही करून दिला. अर्ज चौकशीत आहे म्हणे.

जाताना त्याची नजर माझ्या पलीकडं गेली. तो तिथंच खिळला. मग त्यानं धोंडुबाईचा दंड धरून तिला तिकडं वळवलं. ती बघत राहिली.

साहेब, माझ्या शेजारी एक बोट आहे. नारंगी, रबरी, कोरी करकरीत. अजून तिच्या प्लास्टिकच्या वेष्टनात आहे. वेष्टनावर कुंकवाचं बोट आहे, वाळलेला हार आहे, पूजेच्या नारळाची करवंटी आहे. हाराला टाचलेल्या कागदावर तारीख आहे, पुराच्या आधीच्या महिन्याची. तिला पाण्याचा थेंब लागलेला नाही.

तुमचं यंत्र बिघडलं असतं, माणसं कमी पडली असती, तर आम्ही समजून घेतलं असतं. पण ही बोट जागची हललीच नव्हती आणि तुम्ही ते तीनदा उलटं सांगितलंत. आमच्याकडून सगळं लेखी मागता ना? मग तुम्हीही लेखी द्या. त्या दिवशी आठला, दहाला आणि बाराला निघालेली बोट कोणती होती? आणि निघाली असेल, तर ही इथं गुंडाळलेली कोण आहे?

उत्तर द्या, साहेब. मी इथंच आहे, तुमच्या खिडकीखाली.