तीन ठिपके, एक रेघ

खुटबावच्या सर्जेरावआबांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता. एक स्वतःच्या डोळ्यांवर आणि दुसरा घराच्या खुणेवर. त्यातला डावा डोळा मोतीबिंदूनं अधू झालेला, म्हणून हल्ली सगळा भार खुणेवर.

खूण त्यांच्या आजोबांची. आजोबांना अक्षर येत नव्हतं, पण पंगतीला गेलेली भांडी परत यायला तर हवीत. दौंडच्या बाजारात भांड्यांवर नाव घालणारा बसायचा, त्याला ते सांगायचे, "तीन ठिपकं आन् खाली एक आडवी रेघ." ती खूण पुढं हंड्यांवर, फावड्यांवर, ताडपत्रीच्या कोपऱ्यावरही गेली. आबा मॅट्रिक झाले तरी खूण तीच राहिली. नावं सारखी असतात, खूण आपली एकट्याची, असं त्यांचं म्हणणं. आठ वर्षांपूर्वी विहिरीची मोटर शिरूरला दुरुस्तीला दिली, तर कुणी लेकाच्यानं आतली तांब्याची तार काढून हलकी भरून दिली. मोटरीच्या पोटात खूण घालून ठेवली नव्हती, याची हळहळ आबांना अजून होती. तेव्हापासून हातात पाना धरलेला माणूस दिसला की त्यांच्या मनात पाल चुकचुकायची.

आणि दोन हजार सात सालच्या उन्हाळ्यात नेमका त्यांचा खेकडा बिघडला.

खेकडा म्हणजे जाड टायरांची, चार चाकांची, हँडलची गाडी. शिक्रापूरकडच्या एका फार्महाऊसवाल्यानं पाहुण्यांच्या पोरांना फिरवायला आणलेली, तिथून आबांनी ती स्वस्तात विकत घेतली होती. लोक हसले, हसू देत. ट्रॉलीखाली सापडून आबांचा उजवा पाय गुडघ्यात ताठ झाला होता. मोटारसायकल पायावर तोलता येत नव्हती आणि कालव्याकाठच्या उसापर्यंत अडीच किलोमीटर चालवत नव्हतं. खेकडा आला आणि तीन वर्षांनी त्यांनी आपला ऊस आपल्या डोळ्यांनी पाहिला. आता तोच उभा राहिला, म्हणजे आबा पुन्हा ओट्यावर, आणि उसाची खबर दुसऱ्याच्या तोंडून.

इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं जागची हलत नव्हती. क्लच प्लेटा झिजल्या, एवढं निदान झालं. पण शिरूर आणि दौंडचे मिस्त्री गाडी बघूनच मागं सरले. तयार झाला तो एकटा मेहमूद. गावात स्टँडवर त्याचं गॅरेज. वीस वर्षं आबांच्या घरचं प्रत्येक इंजिन त्याच्याच हातून गेलेलं.

"खोटं न्हाई बोलत, आबा. असली गाडी पैल्यांदाच खोलतोय," तो म्हणाला. "पर जसं उलगडीन तसंच बसवीन."

पहिल्याच दिवशी त्यानं तेल काढलं, उजवीकडचं झाकण उघडलं आणि अंगणात वर्तमानपत्र पसरून एकेक वस्तू ओळीनं मांडली. खरखरीत अस्तर लावलेल्या सात प्लेटा, मध्ये मध्ये नुसत्या पोलादी सहा. आबा खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बघत होते. जाताना मेहमूदनं जुन्या प्लेटा नमुन्याला म्हणून पिशवीत टाकल्या, तसे आबा म्हणाले, "पिशवी दाव जरा."

मेहमूद हसला आणि पिशवी उघडून दाखवली. "आबा, तुमी माज्या बाचीबी पिशवी बघितली आसंल."

"बघितली व्हती," आबा म्हणाले.

नव्या प्लेटा त्यांचा मुलगा सत्यजीत पुण्याहून घेऊन आला. चकचकीत, खोक्यात बंद. असा माल बघून कुणाचीही नियत फिरेल, असं आबांना वाटलं आणि रात्री झोप लागेना. सकाळी कुणाला न सांगता त्यांनी खोकं पिशवीत घातलं, वडापच्या खचाखच भरलेल्या जीपनं दौंड गाठलं आणि थेट भांड्यांच्या दुकानापुढं नाव घालणाऱ्यासमोर बसले.

"आबा, ही कसली ताटली? मधीच भोक?"

"तुला काय करायचंय? खूण घाल."

अस्तराच्या प्लेटांना त्यानं हात लावला नाही, भुगा होईल म्हणाला. पोलादी सहांवर मात्र हातोडीनं टोचून टोचून, अगदी कडेला, तीन ठिपके आणि एक रेघ उमटवली. आबा घरी आले ते निर्धास्त मनानं. आता बदल म्हणावं!

दुसऱ्या दिवशी मेहमूदनं प्लेटा दोन तास तेलात बुडवून ठेवल्या आणि एकेक करून बसवल्या. एका जागी तो थबकला, पोलादी प्लेट उजेडात धरली, उलटीसुलटी केली, पुन्हा बसवायला लागला. आबांनी पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाले, बघ, नीट बघ, पचायचा नाही हा माल.

दुपारी खेकडा सुरू झाला. मेहमूद बसला, क्लच दाबून धरला, गिअर टाकला, आणि उभं राहायचं सोडून गाडी सरळ गोठ्याकडं उधळली. गव्हाणीला धडकून बंद पडली.

"आबा, खेकडा कडबा खातोय!" कुंपणापलीकडून शेजारचा जयसिंग ओरडला.

आबांचं डोकंच फिरलं. "मला ठावं व्हतं! प्लेटा बदलल्यास तू!"

"व्हय, आबा. बदलायलाच बोलावलं व्हतं न्हवं?"

"शब्दात पकडू नगंस! माझ्या चांगल्या काढल्यास आन् आपल्या घातल्यास. चोर हायस तू!"

जयसिंग हसायचा थांबला. मेहमूदचा चेहरा पडला. त्यानं पाना उचलला. पुन्हा तेल काढलं, पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. अस्तरांवर गोल गोल चरे पडले होते. पोलादी प्लेटेवर बोट फिरवताना तो अडला.

"हितं खुणंपाशी टोकं वर आल्यात. ह्यानंच प्लेटा सुटंनात. कंपनीची खूण आसंल म्हनून मी समद्या खुणंची बाजू भाईर ठिवून बसवल्या. पैल्यांदाच बघत व्हतो, काय करू?"

तेवढ्यात आबांची बायको साखरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. मेहमूदनं तांब्या घेतला, तोंडाला लावणार, आणि थांबला. तांब्याच्या काठाखाली तीन ठिपके होते, खाली एक रेघ. त्यानं तांब्याकडं पाहिलं, मग प्लेटेकडं, मग आबांकडं.

"अवं," साखरबाई म्हणाली, "ही तर आपली खूण!"

आबांना वाटलं, आत्ता धरणीनं पोटात घ्यावं. खूण बोलली होती खरी, आणि अगदी खरं बोलली होती. प्लेटा त्यांच्याच होत्या.

मेहमूदनं पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला. काचेवर पॉलिश पेपर पसरून तो टोकं घासायला लागला. दोन प्लेटा झाल्यावर आबा पाय ओढत पुढं आले. "दे हिकडं," म्हणाले, आणि उरलेल्या चार त्यांनी स्वतः घासल्या. आजोबांची खूण नखाला लागेनाशी झाली. अस्तरांचे चरे वरवरचे होते, अस्तरंही चालणार होती.

संध्याकाळी गिअर टाकल्यावर खेकडा शहाण्यासारखा जागेवर उभा राहिला. क्लच सोडला, तसा निघाला. आबा फाटकापर्यंत जाऊन आले. उद्या सकाळी उसाला जायचं, मनात आलं, पण ते मोठ्यानं बोलवेना.

मेहमूदनं हात पुसले, पिशवी उचलली आणि ओट्यावर आबांसमोर उपडी केली. पाने, पक्कड, जुन्या प्लेटा, फडक्यात बांधलेली भाकरी. एकेक वस्तू तो बाजूला मांडू लागला.

"राहू दे रे, मेहमूद," आबा म्हणाले. "कुणी मागितलंय?"

"न्हाई, बघून घ्या," मेहमूद मान वर न करता म्हणाला. "नीट बघून घ्या, साहेब."

वीस वर्षांत त्यानं आबांना कधी साहेब म्हटलं नव्हतं. आबा बसून राहिले आणि तो पिशवी भरून फाटकाबाहेर गेला. पाण्यानं भरलेला तांब्या तसाच ओट्याखाली होता, तो साखरबाईनं आत नेला.