सबनीसचे भिंग आणि बारावा नग

मी एक जुने भिंग आहे. चाकणच्या एका लहान कारखान्यात, तपासणीच्या टेबलाच्या खणात माझे घर आहे. माझा जन्म अंबाल्याचा. तिथे काच घासून माझे पोट फुगवले, पितळी कडे बसवले आणि लाकडी मूठ दिली. पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानातून मारुतराव नावाच्या तपासनिसांनी मला आणले आणि मी नोकरीला लागले.

मित्रांनो, स्वभावाने मी कोरडे आहे. जे असेल ते मोठे करून दाखवायचे, एवढेच माझे काम. त्यावर हसायचे की रडायचे ते बघणाऱ्याने ठरवावे. राग मला एकाच माणसाचा येई, आणि तो माणूस तर कधी जन्मलाच नव्हता.

त्याचे नाव गुप्तहेर सबनीस. तो गोष्टीच्या पुस्तकांतला. मारुतराव दापोडीहून बसने येताना त्याचीच पुस्तके वाचत. पुढे त्याच्यावर मालिका निघाली, ती दहा भाषांत गेली आणि सगळ्यांच्या मोबाइलवर आली. आमच्याकडे बिहारचे, ओडिशाचे, लातूरचे लोक कामाला होते. एकमेकांची भाषा त्यांना धड कळत नसे, पण सबनीस सगळ्यांना पाठ. भांडण फक्त त्याच्या गावावरून होई. बिहारची मंडळी त्याला पाटण्याचा म्हणत. मारुतराव शांतपणे म्हणत, "आमच्या दापोडीचाच हाय तो."

टेबलाजवळ आलेला प्रत्येक जण मला उचलून डोळ्याला लावी आणि सबनीसचे वाक्य म्हणून दाखवी, "पहिला सापडतो, तो चोर नसतो." त्यांच्या बोटांचे तेल माझ्या काचेवर राही. डोळे फोडून काम करायचे मी आणि नाव व्हायचे त्याचे. आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय!

मारुतराव निवृत्त झाले आणि टेबल तनुजाकडे आले. ती कंत्राटावर होती. करार दर वर्षी नवा व्हायचा, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचे. तासाला तपासायच्या नगांचा आकडा तोवर बराच वाढला होता. तनुजा नुसत्या डोळ्यांनी बघून शिक्का मारू लागली आणि मी खणात गेले. खंडेनवमीला मात्र मला बाहेर काढत, हळदकुंकू लावत, फूल वाहत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खणात. मला वाईट वाटले, ते लपवत नाही.

एके दिवशी गिऱ्हाईक कंपनीकडून बारा ब्रॅकेट, म्हणजे यंत्राचे भाग धरून ठेवणारे लोखंडी आधार, परत आले. प्रत्येकाला तडा होता. आमच्याकडे तनुजाचा शिक्का आधी लोखंडात ठोकून उमटवतात, मग नगाला रंग लागतो, मग तो पेटीत भरून जातो. अशी तक्रार आली की एक कागद भरावा लागतो. पाच वेळा 'का?' विचारायचे आणि पाच रकान्यांत उत्तरे लिहायची. सुपरवायझर शेखरने पहिले चार रकाने कोरे ठेवून पाचव्यात पेन्सिलीने लिहून टाकले होते, 'तपासनिसाचा निष्काळजीपणा'. तनुजाचा करार त्याच आठवड्यात संपत होता. असा शेरा पडलेल्या माणसाचा करार पुढे चालत नाही.

तिने जेवणाच्या सुट्टीपुरता वेळ मागितला आणि खण उघडला. मला पाहताच भोवती माणसे जमली. कुणीतरी सबनीसचे वाक्य म्हटले. तनुजा हसली नाही. तिने पहिला नग टेबलावर ठेवला आणि मला त्याच्यावर धरले.

पहिल्या नगावर रंगच तडकलेला होता आणि फटीत कोरे, चकचकीत लोखंड होते. तडा आधीचा असता तर रंग आत उतरला असता. म्हणजे तो रंगानंतरचा, तिच्या शिक्क्याच्याही नंतरचा. दुसरा तसाच, तिसरा तसाच, असे अकरा नग झाले. तेव्हा पेट्या भरणाऱ्या गणराजने कबूल केले, की त्या आठवड्यात गाडी कमी होती म्हणून पेट्यांचे तीनऐवजी पाच थर रचले होते आणि सगळा भार खालच्या नगांवर आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या अर्थातच सबनीसला.

बाराव्या नगाच्या फटीत रंग उतरलेला होता.

तडा केसाएवढा होता, पण जुना होता, आणि शेजारी तनुजाचा शिक्का होता. हे तिला दिसले आणि तिच्या खांद्यावरून वाकलेल्या शेखरला दिसले. शेखर काही वाईट माणूस नाही. तो हळूच म्हणाला, "अकरा बास झाले. बारावा भंगारात जाऊ दे. कोण बघतंय?"

मी बघत होते, पण मला तोंड नाही. तनुजाने तो नग शेखरसमोर ठेवला.

"सर, ह्याच्यावर पण माझाच शिक्का आहे," ती म्हणाली.

पेन्सिलीचे अक्षर खोडून तिने पेनने लिहिले, 'अकरा नग पेट्यांच्या थरांमुळे. एक नग माझ्या नजरेतून सुटला. भिंग वापरले नव्हते.' मॅनेजर जयदीप यांनी तो कागद दोनदा वाचला. करार एका वर्षाऐवजी तीन महिन्यांचा झाला. ती टेबलावर परत आली.

मित्रांनो, सबनीसवर माझा आता राग नाही. त्याच्या वाक्याचा धीर नसता, तर कदाचित तिने खण उघडला नसता. पण त्याच्या एकाही गोष्टीत चुकलेला माणूस तो स्वतः नसतो. लिहिणाऱ्याने त्याच्यावर ती वेळच आणली नाही, म्हणून बाराव्या नगापाशी तो तनुजाच्या काही उपयोगी पडला नाही. तुमच्याकडे भिंग असेल तर त्याची नुसती पूजा करू नका. मऊ फडक्याने पुसा, हाताशी ठेवा आणि आपल्या शिक्क्याचा नग आधी त्याच्याखाली धरा.

तिच्या तीन महिन्यांतला आज एकविसावा दिवस. ती प्रत्येक नग माझ्याखाली धरते. तासाचा आकडा कमी भरतो, आणि शेखर त्यावर अजून काही बोललेला नाही.